चित्रकाराने लिहायचे कशाला?

महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. दगड कोरणाऱ्यांची नाहीत. ज्याने लिहिले, त्याचीच बाजू उरते.

याच रायगडातील नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) मात्र वर्षानुवर्षे डायरी लिहीत राहिले. आकार म्हणजे काय, रिकाम्या जागेचे काय करायचे, याचा शोध कागदावरही चालू होता. १९९०मध्ये त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ आले, तेही मराठीत.

लिहिताना स्वतःच्या सवयी दिसतात: हात कुठला रंग आपोआप उचलतो, कुठली रेषा फुकटची आहे. चित्राचा अर्थ सांगत बसू नये, ते कंटाळवाणेच होते. पण महाड-पोलादपूरच्या तरुण चित्रकारांनी मोबाइलवर फोटो टाकताना साल, माध्यम आणि काय खोडले, एवढे तरी लिहावे.