नावावर भांडलो, नाल्याकडे पाहिलेच नाही

सर्दी-ताप आला की आमच्या मोहल्ल्यात डॉक्टरच्या आधी औषधाचे दुकान आठवते. "भाई, दोन अँटिबायोटिक द्या," म्हटले की गोळ्या हातात. मीही हे केले आहे. शरीर माझे, पैसे माझे, बिघडले तर माझेच बिघडेल, असा आपला हिशोब असतो. तो चुकीचा आहे.

जिवाणूंकडे मुख्य गुणसूत्राशिवाय डीएनएची छोटी वर्तुळे असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले की एक जण प्लाझ्मिडची प्रत दुसऱ्याला देऊ शकतो आणि मूळ प्रत त्याच्याजवळ राहते. आईबापाकडून मुलांकडे जाणारा हा वारसा नाही. शेजाऱ्याला किल्लीची नक्कल करून द्यावी, तसा हा प्रकार आहे. शेजारी आपल्याच जातीचा असावा, अशी अटही नाही.

हे जपानमध्ये उघड झाले. तिथे आमांशाच्या शिगेला जिवाणूंवर एकाच वेळी चार-चार औषधे चालेनाशी झाली होती. 1959 साली तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की आतड्यात राहणारा ई. कोलाय ही ताकद शिगेलाला देऊ शकतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. 2008 साली स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात क्लेबसिएला जिवाणू सापडला. कार्बापेनेमसारखी राखून ठेवलेली औषधेही तो निकामी करत होता. तेच जनुक त्याच रुग्णाच्या ई. कोलायमध्येही निघाले. त्या रुग्णावर आधी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून जनुकाच्या नावात 'न्यू दिल्ली' आले: एनडीएम-1. आपल्याकडे संताप उसळला, सरकारने निषेध केला. तो राग मला समजतो. नावाने डाग कसा लागतो, हे आम्हा लोकांना कोणी शिकवायला नको.

पण 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीवर एवढा गदारोळ व्हायला हवा होता. दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या 50 नमुन्यांपैकी 2 मध्ये आणि रस्त्यावर, गल्लीत साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांमध्ये हे जनुक मिळाले. पटकीच्या जिवाणूतसुद्धा ते पोहोचले होते. आपण नावावर भांडत राहिलो, नाल्याकडे पाहिलेच नाही.

सर्दी बहुधा विषाणूमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. मात्र ती गोळी आतड्यातले साधे जिवाणू मारते आणि प्रतिकार करणारे मागे ठेवते. ते संडासातून गटारात जातात, आणि जिथे गटार फुटून पिण्याच्या पाण्यात मिसळते तिथून कुणाच्याही घरात. तिथे एखादे नवजात बाळ असेल, ज्याने आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली स्वतःकडे: चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायचे नाही, दुकानदार ओळखीचा असला तरी. दुसरी नगरपालिकेकडे: सांडपाणी आणि पिण्याचे पाणी वेगळे ठेवा. ज्या वस्त्यांत गटाराची लाइन सगळ्यात शेवटी पोहोचते, तिथे आमचे बरेच लोक राहतात. तिथे गटार मागणे हीसुद्धा औषधे वाचवण्याचीच लढाई आहे. मोर्चे आपण पुष्कळ काढतो. एक यासाठीही निघाला पाहिजे.