गंज दिसला होता, पण...



मार्च २००२ मध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी अणुवीजकेंद्रात अणुभट्टीच्या झाकणाला मोठा खड्डा पडलेला आढळला. तडा गेलेल्या नळीतून झिरपणाऱ्या बोरिक आम्लाने सुमारे १६ सेंटीमीटर जाड पोलाद खाल्ले होते. उरले होते एक सेंटीमीटरहूनही पातळ स्टेनलेस स्टीलचे अस्तर.

तांबूस गंजाचे ओघळ २००० सालच्या छायाचित्रांतच दिसतात. नियामक आयोगाला डिसेंबर २००१ पर्यंत तपासणी हवी होती. कंपनीने मुदत मागितली, आयोगाने ती फेब्रुवारीपर्यंत दिली.

अमेरिकेत दोष कळवण्याची सक्ती १९७४ च्या कायद्याने केली आहे. ती सुटे भाग पुरवणाऱ्यांवरही आहे, कारण तोच भाग इतर केंद्रांतही बसवलेला असू शकतो. तरीही हे घडले, कारण वीजनिर्मितीचे वेळापत्रक सुरक्षिततेपेक्षा मोठे ठरले. खोट्या माहितीबद्दल २००६ मध्ये कंपनीने २.८ कोटी डॉलर भरायचे मान्य केले. पण दंडाने खड्डा बुजत नाही.

आपण अणुऊर्जेच्या बाजूचे असू वा विरोधातले, दोन मागण्या सगळ्यांनीच कराव्यात: दोषांचे अहवाल जनतेसाठी खुले असावेत आणि दोष दाखवणाऱ्या कामगाराची नोकरी सुरक्षित राहावी. गंज आधी त्यालाच दिसतो.