शॉकअप, पोलाद आणि आपली सायकल

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या टापूतल्या कोणत्याही सायकलच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. पुढच्या रांगेत जाड टायरांच्या, भडक रंगांच्या, पुढेही शॉकअप आणि मागेही शॉकअप असलेल्या सायकली दिसतील. मागे भिंतीला टेकून एखादी काळी, दांडीची साधी सायकल असेल. आठवी-नववीतला मुलगा वडिलांबरोबर येतो आणि पुढच्या रांगेकडे बोट दाखवतो. वडील किंमत विचारतात आणि मनातल्या मनात पगाराचा हिशेब करतात. जितक्या स्प्रिंगा जास्त तितकी सायकल सुधारलेली, हे दोघांनीही धरूनच चाललेले असते.

हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. माझे मत स्पष्ट सांगतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर रोज शाळेत जाण्यासाठी मागचा शॉकअप नसलेली, पोलादी सांगाड्याची सायकल सर्वांत योग्य. आणि घरात जुनी पोलादी सायकल असेल तर ती भंगारात घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. अर्थात, कोणी प्राध्यापक सांगतो म्हणून मत मान्य करू नये. कारणे मागावीत. ती अशी.

प्रथम थोडा इतिहास. डोंगरी सायकल, म्हणजेच ‘माउंटन बाइक’, जन्मली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या टॅमलपायस डोंगराच्या आसपास. १९७६ साली तिथल्या काही तरुणांनी एका मातीच्या वाटेवर उताराच्या शर्यती सुरू केल्या. जेमतेम साडेतीन किलोमीटरांत वाट सुमारे ४०० मीटर खाली उतरत असे. मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे, की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. त्यांच्या सायकली कोणत्या होत्या? १९३०-४० च्या काळातल्या, जाड टायरांच्या, जड पोलादी सायकली! त्या मोडू लागल्या तेव्हा जो ब्रीझ या तरुणाने १९७७ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या जोडून खास या कामासाठी सांगाडा बनवला. त्यात शॉकअप एकही नव्हता. पुढचा शॉकअप बाजारात आला तो १९८९ च्या सुमारास, आणि तोही जेमतेम पाच सेंटिमीटर दबणारा.

पुढे ॲल्युमिनियम आले, कार्बन तंतूंचे सांगाडे आले, मागचे शॉकअप आले. पोलाद आता संपले असे वाटू लागले. पण २००० सालानंतर ब्रिटनमधल्या कॉटिकसारख्या छोट्या कंपन्यांनी पुन्हा पोलादी सांगाडे बनवायला घेतले. पुढे तेरा-चौदा सेंटिमीटर दबणारा लांब शॉकअप आणि मागे काहीच नाही. अशा मागून कडक सायकलीला ‘हार्डटेल’ म्हणतात. ज्यांना हवी ती महाग वस्तू मिळू शकते, ते लोक पोलादाकडे का वळले असतील?

धातूंपासून सुरुवात करू. ताण दिल्यावर वस्तू किती ताठ राहते हे यंगच्या गुणांकावरून कळते. पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० अब्ज पास्कल, ॲल्युमिनियमचा सुमारे ७०. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट. आता पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. दोन्हींचे उत्तर २६ च्या जवळपास येते. म्हणजे वजनाच्या मानाने दोन्ही धातू सारखेच ताठ आहेत! मग ॲल्युमिनियमची सायकल हलकी का? उत्तर आकारात आहे. पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. व्यास दुप्पट आणि जाडी निम्मी केली, तर वजन तेवढेच राहते आणि ताठपणा चौपट होतो. बांबू पोकळ असूनही का वाकत नाही, हे यावरून ध्यानात येईल. पोलादाची नळी अशी रुंद करत गेलो तर तिचा पत्रा डब्यासारखा पातळ होऊन चेपेल. ॲल्युमिनियम हलके असल्यामुळे त्याची भिंत थोडी जाड ठेवता येते. म्हणून त्याच्या नळ्या जाडजूड दिसतात.

पोलादाने याला आपल्या पद्धतीने उत्तर दिले. इंग्लंडमधल्या रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले, कारण सर्वांत जास्त ताण सांध्यांजवळ येतो. १९३५ मध्ये त्यांचे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद ‘५३१’ या नावाने आले.

पण पोलादाचा खरा गुण वेगळाच आहे. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. पोलादाच्या बाबतीत ताण एका ठरावीक मर्यादेच्या खाली ठेवला, तर लाखो हेलकावे देऊनही ते सहसा थकून तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही; लहान ताणही वर्षानुवर्षे साठत जातो. म्हणून त्याचा सांगाडा मुळातच जास्त ताठ बनवावा लागतो. शिवाय पोलाद मोडण्यापूर्वी बहुधा वाकते, म्हणजे आगाऊ सूचना देते. आणि साध्या पोलादाचा सांधा निखळला तर उल्हासनगरच्या कोणत्याही कॅम्पातला वेल्डर तो जोडून देईल. ॲल्युमिनियमचे जोडकाम करणारा शोधावा लागतो, आणि जोडल्यावरही तिथली ताकद कमी होते.

इथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. ‘पोलादी सांगाडा धक्के पितो’ असे पोलादाचे भक्त म्हणतात. त्रिकोणांचा बनलेला सांगाडा उभ्या दिशेने फारच थोडा दबतो. धक्का पिण्याचे मुख्य काम टायरमधली हवा करते. १८८८ मध्ये डनलॉपने सायकलला हवेचा टायर दिला, तोच तिचा पहिला शॉकअप.

आता स्प्रिंगकडे वळू. खड्ड्यात चाक आपटले की स्प्रिंग दबते आणि ऊर्जा साठवते. पण स्प्रिंग ऊर्जा खात नाही. उसनी घेते आणि लगेच परत करते. ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने संपवण्यासाठी बारीक भोकातून जाणारे तेल लागते. चांगल्या शॉकअपमध्ये ते असते. स्वस्तातल्या शॉकअपमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते. परीक्षा सोपी आहे. उभ्या सायकलचे हँडल पुढचा ब्रेक धरून जोरात दाबा आणि हात सैल सोडा. हँडल एकदाच वर येऊन थांबले तर आत तेल काम करते आहे. ते दोन-तीन वेळा वरखाली झाले तर ती फक्त स्प्रिंग आहे. अशीच स्प्रिंग मागे असली तर प्रत्येक पायडलबरोबर तीही दबते. मलंगगडाच्या पायथ्याचा किंवा बारवी धरणाकडचा चढ चढताना तुमच्या पायांच्या श्रमातला काही भाग सायकलला नाचवण्यातच खर्च होतो. आणि मागचा सर्वांत उत्तम शॉकअप तर तुम्हाला जन्मतःच मिळाला आहे: तुमचे गुडघे. खड्डा आला की सीटवरून थोडे उठा, झाले!

शेवटचा मुद्दा मला सर्वांत गमतीचा वाटतो. हँडलची नळी जमिनीशी जो कोन करते तो मोजा. १९९० च्या सुमारास शर्यतीच्या डोंगरी सायकलींत तो ७१ अंशांच्या आसपास असे. आजच्या लांब शॉकअपच्या हार्डटेलमध्ये तो ६५ च्या जवळ आला आहे. का? मागचे चाक कडक असल्यामुळे पुढचा शॉकअप १४ सेंटिमीटर दबला की अख्खी सायकल पुढे झुकते. दोन चाकांमधले अंतर १२० सेंटिमीटर धरा आणि त्रिकोणमिती वापरा: हा झुकाव सुमारे ६ अंशांचा येतो. म्हणजे ६५ चे ७१ होतात! ७१ ने सुरुवात केली असती तर उतारावर ते ७७ झाले असते, आणि सायकलस्वार हँडलवरून पुढे गेला असता. लांब शॉकअप लावायचा तर कोन आधीच आडवा ठेवावा लागतो.

आता दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा कोन मोजा. तो ६७-६८ अंशांच्या आसपास येईल. तिचा पुढचा चिमटा जास्त पुढे वाकवलेला असतो, त्यामुळे दोन्हींचे वळणे एकसारखे नाही. पण पुढचे चाक लांब टाकून खराब रस्त्यावर स्थिर राहायचे, ही युक्ती तीच. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. १९८० साली केंद्र सरकारने कायदा करून तो ताब्यात घेतला. पुढे तो बंद पडला. अशा कारखान्यांनी हीच सायकल देशभर पोचवली, कारण आपले रस्ते कसे आहेत हे तिच्या आकाराने जाणले होते.

पोलादात दोष नाहीत असे नाही. ते जड आहे, आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात गंजते, तेही नळीच्या आतून. पावसाळ्यापूर्वी सीटची नळी काढून आत थोडे तेल सोडावे, रंग उडालेल्या जागी रंग लावावा. जुन्या काळ्या सायकलचे स्टीलचे रिम पावसात ब्रेकला दाद देत नाहीत. ॲल्युमिनियमचे रिम बसवून घ्यावेत. तिथे ॲल्युमिनियमच श्रेष्ठ. शर्यत लावायची असेल, तर माझे सगळे मत बाजूला ठेवा.

शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या मुलांच्या सायकलींचा कोन, वजन, टायरची रुंदी आणि शॉकअपचे हेलकावे यांचा एक तक्ता फळ्यावर करून घ्यावा. कोनमापक, दोरा आणि वजनकाटा एवढेच साहित्य लागते. तक्ता पुरा झाला की मुलांनाच विचारा, की नवी सायकल घ्यायची तर पैसे कशावर खर्च करावेत: दुसऱ्या स्प्रिंगवर, की चांगल्या टायरांवर आणि ब्रेकवर? हे उत्तर घेऊन मुलगा किंवा मुलगी वडिलांबरोबर दुकानात गेली, की बोट कोणत्या रांगेकडे दाखवायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.