मिठ्ठूला बेटा म्हणू नका

गेल्या रमजान ईदला परंड्याला खालाकडे गेले होते. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या आणि पाहुण्यांच्या नजरा ओसरीवरच्या पिंजऱ्याकडे लागल्या होत्या. आत राखाडी रंगाचा, लाल शेपटीचा आफ्रिकन पोपट होता. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी तो आणून दिला. “बोल बेटा, अम्मी बोल,” खाला म्हणाली. पोपट खालाच्याच आवाजात “अम्मी” म्हणाला. घरभर वाहवा झाली. कोणीतरी म्हणाले, “अल्लाहने औलाद दिली नाही, पण हा काय औलादीपेक्षा कमी आहे?” खाला हसली. मी पिंजऱ्याजवळ गेले तेव्हा दिसले की पोपटाच्या छातीवर पिसे नव्हती. ती त्याने स्वतःच्याच चोचीने उपटून काढली होती.

ती उघडी छाती पाहिली म्हणून हा लेख लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. ज्या बाईला मूल नाही, ती कुत्र्या-मांजराला किंवा पाखराला जीव लावते म्हणून तिची टिंगल करणे हा आपल्याकडचा फार स्वस्त विनोद आहे. त्या विनोदात मला सामील व्हायचे नाही. खालाच्या मायेशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते पाखरू विकणाऱ्यांशी, ते आणून देणाऱ्यांशी, आणि एकदा आणून दिले की आपले कर्तव्य संपले असे समजणाऱ्या आपल्या समाजाशी. पाखराला मूल ठरवले की दोघांवर अन्याय होतो. पाखराला पाखरासारखे जगता येत नाही, आणि बाईला आपल्या दुःखाबद्दल बोलायला जागा उरत नाही.

आधी पाखराचे पाहू. हा पोपट पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जंगलांचा. तिथे तो थव्याने राहतो, जोडीने राहतो, झाडाच्या ढोलीत अंडी घालतो आणि पिल्लांना बराच काळ सांभाळतो. माणसाच्या आवाजाची नक्कल करता येते, हाच त्याचा गुन्हा ठरला. घाना देशात १९९२ नंतर या पोपटांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. त्यात जंगलतोडीचा वाटा आहे, तसाच पिंजऱ्यांच्या बाजाराचाही आहे. म्हणूनच २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराने जंगलातून पकडलेल्या या पोपटांच्या व्यापारावर बंदी घातली.

दुकानदार सांगतो, “हा जंगलातला नाही, इथेच पैदा केलेला आहे.” असेलही. पण पाळणाघरात काय करतात ते त्याला विचारावे. पिल्लू काही आठवड्यांचे असतानाच आईबापांपासून काढून घेतात आणि सिरिंजने किंवा चमच्याने लापशी भरवतात. असे केले की ते माणसालाच आपले समजू लागते. बाजारात अशा ‘माणसाळलेल्या’ पिल्लालाच जास्त भाव मिळतो. म्हणजे ज्याला आपण बेटा म्हणतो ते आधी कोणाचे तरी हिरावून घेतलेले लेकरू असते. त्याचा लळा खरा असतो, पण तो त्याच्या अनाथपणातून आलेला असतो.

अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एका लाल पाखराची हकीकत आहे. प्रवासात काही सहाबांनी त्या पाखराची दोन पिल्ले उचलली. पाखरू पंख फडफडवत भोवती फिरू लागले. पैगंबरसाहेबांनी ते पाहिले, हिला हिच्या लेकरांपायी कोणी दुखावले अशी विचारणा केली आणि पिल्ले परत द्यायला लावली. ही हकीकत वाजमध्ये मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ती सांगणाऱ्यांच्याही घरी पिंजरे पाहिले आहेत.

आता आक्षेपांकडे वळते.

पहिला आक्षेप धर्माचा. अबू उमैर नावाच्या लहान मुलाकडे एक छोटे पाखरू होते. पैगंबरसाहेब त्या मुलाशी पाखरावरून गमतीने बोलत. पाखरू मेले तेव्हा त्यांनी मुलाची विचारपूस केली. यावरून पाखरू पाळणे जायज आहे असा निर्वाळा अनेक आलिमांनी दिला. तो निर्वाळा मी नाकारत नाही. पण त्याच परंपरेत मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हकीकतही आहे. जायज आहे म्हणजे वाटेल तसे ठेवा असा अर्थ कोणत्याही आलिमाने काढलेला नाही. दाणापाणी दिले की हक्क संपला असे आपण मानतो. थव्यात राहणाऱ्या पाखराला एकट्याने ठेवणे ही उपासमारच आहे, फक्त ती पोटाची नाही. कुरआनच्या सूरह अनआममध्ये पशुपक्ष्यांनाही माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे. मग उम्मतीतून एकाला उचलून आणून त्याला आपल्या घराण्याचे नाव देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आक्षेप जरा कडवट असतो, आणि तो बाहेरचेच लोक घेतात असे नाही. “तुम्ही बकरी ईदला बोकड कापता आणि पोपटाचा कळवळा दाखवता?” प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देते. मी उस्मानाबादी शेळीच्या मुलखातली आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळीचे नाव उस्मानाबादीच राहिले. काळीभोर, लांब कानांची, बहुधा जुळी देणारी ही जात आमच्या गरिबांची बँक आहे. ही शेळी हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने घडत आलेल्या वंशातली आहे. ती कळपात चरते, संध्याकाळी आपल्या पायांनी दावणीला येते. तिच्याशी आपला व्यवहार काय आहे हे आपण लपवत नाही. दूध घेतो, विकतो, कुर्बानी देतो, आणि त्याचा जाब अल्लाहला द्यावा लागेल हे मानतो. कुर्बानीवर ज्याला वाद घालायचा त्याने खुशाल घालावा. पण शेळीला मी कधी “तू माझी मुलगी” असे सांगून चाळीस वर्षे खोलीत कोंडले नाही. आफ्रिकन पोपट चाळीस, पन्नास, कधी साठ वर्षेही जगतो. खाला आज बासष्ट वर्षांची आहे. तिच्या माघारी ‘बेट्या’चे काय करायचे, हा प्रश्न त्या दिवशी वाहवा करणाऱ्यांपैकी एकालाही पडला नव्हता.

तिसरा आक्षेप कायद्याचा. “आपला राघू पाळायला बंदी आहे, विदेशी पाखराला नाही.” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा ठरला, आणि विदेशी प्राणी मात्र बराच काळ कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. याच फटीतून मकाव, कॉन्युअर, इग्वाना, अजगराची पिल्ले असा सगळा बाजार फोफावला. २०२२ च्या दुरुस्तीने ही फट बुजवली आणि २०२४ च्या नियमांनी अशा अनेक प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली. तरी २०२५ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशांच्या बॅगांमध्ये साप, माकडाची पिल्ले सापडल्याच्या बातम्या येतच राहिल्या. कित्येक वाटेतच मेलेली होती. जे जगतात ते कोणाच्या तरी घरी ‘बाळ’ म्हणून पोचतात. या ‘बाळां’च्या हौसेत सगळ्या जातिधर्मांचे लोक आहेत. मी माझ्या घरापासून सुरुवात करते एवढेच.

आता खालाचे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि आमच्या जिल्ह्यातले सास्तूर, आसपासची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. कित्येक मुले उघड्यावर आली. भारतीय जैन संघटनेने त्या वेळी दोन्ही जिल्ह्यांतली सुमारे बाराशे मुले पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवली. त्या मुलांचा धर्म, जात, खानदान विचारत कोणी बसले नाही. सास्तूरच्या बाजूची दोन वर्षांची एक मुलगी तेव्हा तिच्या चुलत्याकडे होती. चुलत्याची स्वतःची पाच मुले होती. ओळखीतून बोलणे झाले. खाला तेव्हा तिशीत होती, लग्नाला अकरा वर्षे झाली होती. खाला आणि खालू दोघेही त्या मुलीला आणायला तयार होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते मोडले. परके रक्त, मोठी झाली की खालूंपासून परदा, वारशाचे भांडण, आणि इस्लाममध्ये दत्तक नाही, ही कारणे दिली. मुलगी आली नाही. पुढची तीस वर्षे खाला प्रत्येक छट्टीला आणि अकीक्याला मागच्या रांगेत बसली. नव्या बाळाला तिच्या मांडीवर देताना लोक कसे चाचरतात, ते मी पाहिले आहे. तीस वर्षांनी त्याच खानदानाने तिला पोपट दिला आणि म्हटले, हा घे बेटा.

त्या कारणांत किती तथ्य होते? दत्तकाने रक्ताचे नाते बदलत नाही आणि मुलाला त्याच्या बापाच्याच नावाने ओळखावे, हे सूरह अहजाबचे सांगणे आहे. पण यतीमाला घरात वाढवू नका असे त्यात कुठे आहे? पैगंबरसाहेब स्वतः यतीम होते आणि दाई हलिमांच्या दुधावर वाढले. यतीमाच्या कफालतीला जन्नतीत आपल्या शेजारचे स्थान आहे, असे त्यांनी सांगितले. परद्याची अडचण दूधनात्याने सुटू शकते, हे फिकहच्या पुस्तकांतच आहे. मूल दोन वर्षांच्या आतले असेल आणि घरातल्या नात्यातल्या बाईने दूध पाजले तर ते मूल महरम ठरते. वारसा मिळत नाही हे खरे, पण हयातीत हिबा करता येतो आणि वसीयतीने एक तृतीयांशापर्यंत देता येते. ज्याला द्यायचे आहे त्याच्यासाठी शरियतीत वाट आहे. आपण फक्त बंद दाराचा फलक वाचून दाखवतो.

ज्यांना रीतसर दत्तकच हवे असेल त्यांच्यासाठी देशाचा कायदाही आहे. बाल न्याय कायद्यानुसार कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. ती सक्ती नाही, मुभा आहे. ज्याला धर्माप्रमाणे चालायचे तो चालू शकतो. आता वाट पाहावी लागते, वर्षानुवर्षे लागते, वयाच्या अटी आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तरुण जोडप्यांना हे वेळेवर सांगायला हवे. निकाहाच्या वेळी दहा उपदेश करणारे काझीसाहेब हा अकरावा उपदेश का करत नाहीत? मूल न होण्याचा दोष बाईच्याच माथी मारण्याआधी नवऱ्याची तपासणी करा, असे जुम्याच्या बयानात कधी ऐकले आहे का?

हे कोणी करत नाही, कारण पोपट सोपा आहे. त्याला खानदान विचारत नाहीत. तो वारसा मागत नाही. तो मोठा होऊन उलटे बोलत नाही, शिकवले तेवढेच बोलतो. मुलाच्या जागी पाखरू ठेवणाऱ्याला खरे तर मूल नकोच असते, त्याला मागेल तेव्हा “अम्मी” म्हणणारा आवाज हवा असतो, असे मी म्हणणार होते. पण खालाबद्दल ते खरे नाही. तिला मूल हवे होते. आवाजावर भागवायचे, हे तिच्यासाठी इतरांनी ठरवले.

तो पोपट आता सोडून द्या असे मी म्हणत नाही. परंड्याच्या उन्हात तो जगणार नाही, आणि हा त्याचा मुलूखही नाही. त्याची नोंदणी करावी, मोठी जागा द्यावी, कुरतडायला लाकूड द्यावे, पाखरांच्या डॉक्टरला दाखवावे, आणि खालाच्या माघारी तो कोणाकडे जाईल हे भाच्याने आजच ठरवावे. आणलाच आहे तर त्याचा हक्क अदा करावा. दुसरा मात्र आणू नये.

पाहुणे गेल्यावर मी खालाला त्या मुलीबद्दल विचारले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ती आता चौतीस-पस्तीसची असेल. तिचं नाव मला अजून याद आहे. तीस वर्षांत कोणी विचारलंच नाही.” तिने नाव सांगितले. ते इथे लिहीत नाही.

पुढच्या वेळी कोणाच्या सुन्या घरात पाखरू नेऊन देण्याआधी त्या बाईला एवढे विचारा, तुला काय हवे होते आणि नाही कोण म्हणाले?