प्रेसनोट लिहिणारा हात कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका धाकट्या मित्राचा फोन आला. "जयभीम ताई. पेपर सोडतोय. विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात घेतायत, अकरा महिन्यांचं कंत्राट आहे. जाऊ का?" नऊ वर्षे जिल्हा आवृत्तीत काढलेला हा माणूस. मी म्हटले, "जा. पण जाताना प्रश्न विचारायची सवय गेटवर ठेवून जाऊ नकोस."

तो गेला आणि आमच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेरे सुरू झाले. कोणी लिहिले, विकला गेला. कोणी लिहिले, आता कुलगुरूंचे फोटो छापून आणेल. एकाने लिहिले, बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला आणि आमची पोरे प्रेसनोट काढतात. या शेवटच्या वाक्याला सर्वांत जास्त अंगठे मिळाले. मला भांडायचे आहे ते या अंगठ्यांशी, आणि थोडे त्या मित्राशीही.

आधी अंगठेवाल्यांना विचारते. तो जे सोडून गेला ते नेमके काय होते? नऊ वर्षांत त्याच्या वाट्याला १४ एप्रिल, ६ डिसेंबर, वस्तीतली भांडणे आणि समाजकल्याण खात्याच्या बातम्या आल्या. सहकार, राजकारण, शिक्षण ही बीट्स कायम दुसऱ्यांकडे राहिली. दिवाळी आणि वर्धापनदिनाला जाहिराती गोळा करायचे टार्गेट मात्र सर्वांना सारखे! डेस्कवर बसून आज कोणती बातमी पहिल्या पानावर जाईल हे ठरवण्याची खुर्ची त्याला कधी मिळाली नाही.

हे एका मुलाचे दुखणे नाही. दिल्लीत शोधूनही एक दलित पत्रकार सापडला नाही, असे बी. एन. उनियाल यांनी १९९६ साली 'पायोनियर'मध्ये लिहिले. २००६ साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या राष्ट्रीय माध्यमांमधली निर्णय घेणारी ३१५ पदे तपासली. त्यांत अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस नव्हता. २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी १२१ वरिष्ठ पदे पाहिली. त्यांपैकी १०६ सवर्णांकडे होती, अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. तेवीस वर्षांत देशात शेकडो वाहिन्या आल्या, मोबाईलवर बातम्या आल्या, शून्य मात्र जागचे हलले नाही. ज्या घरात आपल्याला ओट्यावरच बसवले, ते घर सोडले म्हणून गद्दार कसे ठरवता?

आता 'मूकनायक'बद्दल. ३१ जानेवारी १९२० रोजी पहिला अंक निघाला तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे सरकारी नोकरीत होते. म्हणूनच संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. 'केसरी'ने पैसे देऊ केले तरी 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. पुढे १९४३ सालच्या रानडे जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांनी भारतातील पत्रकारितेवर कडक टीका केली. हा पेशा राहिलेला नाही, धंदा झाला आहे, असा तिचा रोख होता. तेव्हा पत्रकारिता पवित्र आणि जनसंपर्क बाटलेला, ही विभागणी बाबासाहेबांच्या नावावर खपवू नका. पगार कोण देतो या प्रश्नापेक्षा हातातली माहिती कोणाच्या कामाला येते, हा प्रश्न मोठा आहे.

आणि याच प्रश्नावर मला मित्राशी भांडायचे आहे. कारण जनसंपर्क हा निरागस धंदा नाही. त्याचा पाया घालणाऱ्यांमध्ये ज्याचे नाव घेतले जाते तो अमेरिकेचा आयव्ही ली हाही आधी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत बातमीदार होता. १९०६ साली त्याने जाहीरनामा काढला की आम्ही काही लपवणार नाही, वृत्तपत्रांना खरी आणि तत्पर माहिती देऊ. १९१४ साली कोलोरॅडोत लडलो येथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबू जाळले गेले, बायका-मुले मेली. त्यानंतर रॉकफेलर यांनी याच लीला कामाला लावले. त्याने मालकांच्या बाजूने काढलेल्या पत्रकांत खोटी माहितीही छापली गेली. आठ वर्षांत जाहीरनामा कुठल्या कुठे गेला. आपला मुलगा चांगला आहे एवढ्यावर म्हणूनच भागत नाही.

आपल्याकडे हैदराबाद विद्यापीठाचे उदाहरण फार जुने नाही. रोहित वेमुला आणि त्याच्या चार सोबत्यांना वसतिगृहातून काढले, ते उघड्यावर तंबूत राहिले, १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. सात महिन्यांची फेलोशिप थकल्याचे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले होते. पण सार्वजनिक चर्चा कुठे वळवली गेली? त्याच्या जातीच्या दाखल्याकडे. फेलोशिप का थकली, किती जणांची थकली, हे प्रश्न मागे पडले. संस्थेची प्रतिमा जपायचे काम असेच चालते. सरळ खोटे बोलावे लागत नाही, लोकांची नजर दुसरीकडे फिरवली तरी पुरते.

मग या खुर्चीत बसून करायचे काय? उत्तर कायद्यातच आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ काढून वाचा. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना संबंधित सर्व तथ्ये प्रसिद्ध करायची, ज्यांना निर्णयाची झळ बसते त्यांना कारणे द्यायची, आणि हे करताना स्थानिक भाषेचा व सर्वांत परिणामकारक मार्गाचा विचार करायचा, असे ते सांगते. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता! माझ्या मते सरकारी विद्यापीठाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचे हेच खरे कर्तव्यपत्र आहे. विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते. त्यातला 'जन' म्हणजे पत्रकार परिषदेत चहा पिणारे दहा जण नव्हेत.

मी वस्तीत काम करते म्हणून सांगते. दोन वर्षांपूर्वी धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीची शिष्यवृत्ती हुकली. अर्जात त्रुटी निघाली होती, सूचना इंग्रजीत होती, वेबसाईटच्या एका कोपऱ्यात होती, आणि मुदत संपून चार दिवस झाले होते. त्याच आठवड्यात त्या संस्थेने आपल्या पुरस्काराची बातमी सहा पेपरांत रंगीत फोटोसह आणली होती. पुरस्कार सहा पेपरांत पोचतो आणि त्रुटीची सूचना एका मुलीपर्यंत पोचत नाही, याला जनसंपर्क म्हणायचे का? २०१२ च्या यूजीसी नियमावलीने भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. आपल्या कॉलेजात तो कोण होता हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक होते? हे पोचवणे कोणाचे काम होते?

चौथ्या महिन्यात मित्राचा पुन्हा फोन आला. वसतिगृहातल्या एका मुलीने जातीवरून बोलल्याची तक्रार दिली होती. त्याला प्रेसनोट लिहायला सांगितली आणि तोंडी एक शब्दही दिला: 'किरकोळ गैरसमज'. त्याने लिहिले ते असे: अमुक तारखेला तक्रार आली, ती समितीकडे दिली आहे, चौकशी सुरू आहे. बस्स. संध्याकाळी प्रेसनोट वरून दुरुस्त होऊन गेली. 'किरकोळ गैरसमज' पहिल्याच ओळीत बसला होता. दुसऱ्या दिवशी सर्व पेपरांत तेच छापून आले. त्याचा जुना पेपरही त्यात होता. तिथल्या कोणी मुलीला एक फोन करून विचारले नाही. त्याचे कंत्राट मार्चमध्ये संपते. ते वाढेल का, हे त्याने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

या प्रसंगात तो हरला असे मी मानत नाही. तो एकटा होता, एवढेच. जनसंपर्क अधिकाऱ्याचे पद बहुतेक ठिकाणी एकच असते. एकट्या पदाला आरक्षण लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९८ साली सांगितले. मग अशा खुर्च्यांवर अतिरिक्त कार्यभार नाहीतर कंत्राट. अकरा महिन्यांच्या माणसाने कुलसचिवांसमोर ताठ उभे राहावे ही अपेक्षा करणे सोपे आहे. त्याच्या पाठीशी उभे राहणे अवघड आहे.

म्हणून अंगठे दाखवणाऱ्यांना माझे सांगणे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. आपल्यापैकी किती जणांनी पदवीधर म्हणून नाव नोंदवले आहे? प्रसिद्धीवर किती खर्च झाला, शिष्यवृत्तीच्या सूचना मराठीत का नाहीत, भेदभावाच्या तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे माहिती अधिकारात कोणी विचारले? आतल्या माणसाने सत्याची एक ओळ लिहिली आणि ती खोडली गेली, तर बाहेर ती ओळ मागणारे कोणीतरी हवे. नाहीतर खोडणाऱ्याला भीती कशाची?

आणि मित्रा, तुलाही सांगते. तू लिहिलेला मूळ मसुदा तारखेसह जपून ठेव. मुलीची बाजू सांगणारा तो एकच कागद तुझ्या कार्यालयात आहे.

जयभीम!