तोट्याची हद्द : एका तेलवाल्याच्या हिशेबवहीतून

आपल्या बाजारात कोणी मोठा शेठ गेला की लोक त्याची कमाई मोजतात. किती माग होते, किती गाळे होते, जमीन किती ठेवून गेला. माझे मत असे आहे की व्यापाऱ्याची पारख नफ्याच्या पानावरून होत नाही, तोट्याच्या पानावरून होते. तोट्याच्या वेळी त्याने काय केले, कुठे थांबला आणि कुठे थांबला नाही, हे पाहावे. यासाठी दूरच्या मुलखातील एका माणसाची हकिकत व्यापारी बांधवांसमोर ठेवतो.

रॉबर्ट ओ. अँडरसन हे अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या रॉसवेल गावी २ डिसेंबर २००७ रोजी वारले. वय ९० वर्षे. धंदा तेलाचा, आवड गुरे-मेंढ्या पाळण्याची, आणि घरी सात मुले. १९३९ साली लग्न केले, तो संसार शेवटपर्यंत टिकला. हा माणूस आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या मागावर चढणारे पॉलिएस्टरचे सूत कच्च्या तेलातूनच निघते आणि तेल हलले की सुताचा भाव हलतो.

त्यांचे वडील शिकागोच्या बँकेत होते. जमिनीखालचे तेल तारण धरून कर्ज देणारे जे पहिले बँकवाले झाले, त्यांत त्यांचे नाव घेतले जाते. म्हणजे न दिसणाऱ्या मालाची किंमत कशी करायची, हे मुलाने घरातच पाहिले. १९४० नंतरच्या पहिल्या वर्षांत मुलगा न्यू मेक्सिकोत आला. आर्टेशिया गावातील तेल शुद्ध करण्याच्या एका लहान कारखान्यात त्याने भागी घेतली आणि तिथून धंदा वाढवला. १९६३ मध्ये आपली कंपनी त्याने अटलांटिक रिफायनिंग या जुन्या कंपनीत विलीन केली आणि पुढे तिचा प्रमुख झाला. १९६६ मध्ये रिचफिल्ड कंपनी तिला जोडली गेली. हीच पुढे आर्को म्हणून ओळखली गेली.

आता त्यांचे दोन मोठे सौदे पाहू.

पहिला सौदा अलास्काचा. तिथल्या बर्फाळ उत्तर भागात कंपनीने एक विहीर खोदली. सुमारे ४५ लाख डॉलर खर्च झाले आणि विहीर कोरडी निघाली. इतर कंपन्याही तिथे हात पोळून परत जात होत्या. अँडरसन यांनी आणखी एक विहीर खोदायचे ठरवले. लोक याला जुगार म्हणतील, पण हिशेब पाहा. खोदाईचे अवजड यंत्र त्या मुलखात आधीच पोहोचलेले होते. ते परत नेऊन पुन्हा आणण्यापेक्षा साठेक मैल सरकवणे स्वस्त होते. दुसरी एक मोठी कंपनी निम्म्याची भागीदार होती. विहीर पुन्हा कोरडी निघाली असती तर किती जाईल, हे आधीच ठाऊक होते. १९६८ मध्ये प्रुडो बे येथे तेल लागले आणि ते उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठे तेलक्षेत्र ठरले. ८०० मैलांची पाइपलाइन होऊन १९७७ मध्ये तेल वाहू लागले. आजवर तिथून १२ अब्ज बॅरलहून अधिक तेल निघाले आहे.

दुसरा सौदा त्याच १९७७ सालचा. तेलाचा पैसा येणार होता, तेव्हा कंपनीने सुमारे ७० कोटी डॉलर देऊन अ‍ॅनाकोंडा ही तांब्याची जुनी, नावाजलेली कंपनी विकत घेतली. तिच्या चिलीतील खाणी तिथल्या सरकारने १९७१ मध्येच ताब्यात घेतल्या होत्या. पुढे तांब्याचा भाव कोसळला. १९८० मध्ये भट्टी बंद झाली, १९८२ मध्ये मोंटाना राज्यातील बट गावची मोठी उघडी खाण बंद पडली. कामगारांची रोजी गेली. एवढ्यावर भागले नाही. जुन्या खाणीच्या विषारी कचऱ्याची सफाई मालकाच्याच खर्चाने व्हावी, असा कायदा १९८० मध्ये आला. सौदा झाला तेव्हा तो कायदा नव्हता. दुसऱ्यांनी कित्येक दशके केलेल्या घाणीचे बिल नव्या मालकाच्या नावावर पडले.

माणूस तोच, अक्कल तीच, हिंमतही तीच. मग एकदा बरकत आणि एकदा नुकसान का? मला यात नशिबापेक्षा हिशेबाचा भाग जास्त दिसतो. पहिल्या सौद्यात तोट्याची हद्द ठरलेली होती, दुसऱ्यात ती नव्हतीच. पहिला धंदा त्यांच्या रक्तातला होता, दुसरा धंदा त्यांनी नाव आणि पैसा पाहून घेतला.

आपल्याकडे रोज हेच घडते. एक सीझन खराब गेला म्हणून बापजाद्यांचे माग भंगारात विकणारा माणूस मी पाहिला आहे आणि चार वर्षे चांगली गेली म्हणून न कळणाऱ्या धंद्यात घर गहाण टाकणाराही पाहिला आहे. पहिल्याने एक विहीर आधीच सोडली, दुसऱ्याने दुसऱ्याची खाण गळ्यात बांधून घेतली. दोघांच्याही मुलांना त्याची किंमत मोजावी लागली.

अँडरसन यांची एक गोष्ट मात्र मनाला लागते. कंपनीची कचेरी लॉस एंजेलिससारख्या शहरात गेली, तरी त्यांनी घर रॉसवेललाच ठेवले. त्यांच्या मालकीची जमीन एकेकाळी १० लाख एकरांहून अधिक होती. पुढे तीही हळूहळू विकली गेली. टेक्सासमधील सुमारे २ लाख एकर १९८८ मध्ये सरकारने घेतली, तिथे आज सर्वांसाठी खुले उद्यान आहे. जमीन गेली, कंपनीही २००० मध्ये बीपीच्या ताब्यात गेली. घर तेवढे शेवटपर्यंत उभे राहिले.

म्हणून नवा सौदा करताना नफा किती, हे नंतर विचारा. आधी कागदावर लिहा की सगळे बुडाले तर किती बुडेल आणि ती रक्कम गेल्यावर घरची चूल पेटेल का. कागदावर आकडा येत असेल तर एक विहीर आणखी खोदायला हरकत नाही. आकडाच येत नसेल तर सलाम करून उठावे.