दुपारचे ऊन, संध्याकाळचा दिवा
औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. आता तो ४२०च्या वर गेला आहे. उष्णता अडवणारी ही दुलई जाड करण्यात चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या कोळसा संचांचाही वाटा आहे. राज्याने २०१७ मध्ये शेतीपंपांसाठी सौर वाहिनी योजना आणली, ती योग्यच. रात्री विंचूकाट्यात दारे धरणाऱ्याला दिवसा वीज मिळणे ही काही चैन नव्हे. पण घराघरांत दिवे लागतात नेमके तेव्हाच ऊन मावळते. त्यावरचा एक तोडगा घाटघरला उभा आहे: मागणी नसताना पाणी वर चढवायचे, वाढली की खाली सोडून २५० मेगावॉट वीज घ्यायची. दुपारची सौरवीज अशीच साठवावी. मात्र नव्या जागा ठरवताना आधी गावकऱ्यांना विचारा. कोयनेचे विस्थापित आठवा.